वर्गातून शिकवणीकडे: ठाण्यातल्या एका परिचारिकेचे जर्मन

मी ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. जर्मनीत परिचारिका म्हणून काम करण्याच्या इराद्याने मी जून 2022 मध्ये जर्मन भाषा शिकायला सुरुवात केली, तेव्हा माझे वय 34 होते, मुलगा दुसरीत होता आणि नर्सिंगचा अभ्यासक्रम पूर्ण झाल्यानंतर वही-पेन घेऊन मी कशाच्याही अभ्यासाला बसले नव्हते. माझे दहावीपर्यंतचे शिक्षण जुन्नर तालुक्यातल्या मराठी शाळेत झाले. ही गोष्ट सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे जे घडले त्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे आणि तो संबंध माझ्या लक्षात यायला जवळजवळ एक वर्ष गेले.

युरोपात भाषेचे ज्ञान ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन आणि सी-टू अशा सहा पातळ्यांत मोजतात. परदेशातून आलेल्या परिचारिकेला जर्मनीत पूर्ण परवाना मिळण्यासाठी सर्वसाधारणपणे यातली चौथी पातळी, म्हणजे बी-टू, गाठावी लागते. आमच्या वॉर्डातल्या दोघी सिस्टर आधीच तिकडे गेल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीने फोनवर सांगितले, ‘‘ताई, कागदपत्रं होतात गं सगळी, भाषेचं तेवढं बघ.’’ भाषेचे बघायचे म्हणजे क्लास लावायचा, याशिवाय दुसरे काही तेव्हा माझ्या मनातही आले नाही.

गोखले रोडच्या आसपास असलेल्या एका क्लासच्या फलकावर ‘तीन महिन्यांत बी-वन’ असे लिहिले होते. फी 18,000 रुपये, आठवड्यातून पाच दिवस, रोज सकाळी दहा ते बारा. मी दोन हप्त्यांत फी भरली. मुंबईत काळा घोड्याजवळच्या मॅक्स म्युलर भवनाची चौकशीही मी केली होती. हे भवन म्हणजे गोएथे-इन्स्टिट्यूट या जर्मन संस्थेचे केंद्र. तिच्या भारतातल्या केंद्रांना ऋग्वेदाचे संपादन करणाऱ्या माक्स म्युलरांचे नाव आहे, ही माहिती मला तेव्हाच कळली. परंतु ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत धीम्या लोकलने तासभर, तितकाच परत आणि मध्ये ठरलेल्या वेळेचा वर्ग, हे माझ्या ड्यूटीत बसण्यासारखे नव्हते. घराजवळचा क्लास तरी बसेल असे वाटले होते.

तोही बसला नाही. आमच्याकडे ड्यूटी आठवड्यागणिक बदलते. सकाळची सात ते दोन, दुपारची दोन ते नऊ, रात्रीची नऊ ते सात. दुपारच्या आठवड्यात मी वर्गाला नीट जाऊ शकत असे. रात्रपाळीच्या आठवड्यात सात वाजता सुटून, घरी येऊन, मुलाचा डबा भरून दहाला वर्गात बसत असे आणि साडेदहानंतर फळ्यावरची अक्षरे डोळ्यांसमोर विरघळू लागत. सकाळच्या पाळीचा आठवडा तर पूर्ण बुडत असे. म्हणजे तीन आठवड्यांतला एक हातून गेलेला, एक झोपेत गेलेला आणि एक खरा. मी सहकाऱ्यांबरोबर ड्यूटीची अदलाबदल करून पाहिली, पण रोज कोण कोणासाठी किती करणार? बुडालेल्या तासांच्या नोंदी एका मैत्रिणीकडून मिळत. परंतु भाषेच्या तासाची नोंद वाचून तो तास भरून निघत नाही.

वर्गात आम्ही 24 जण होतो. बहुतेक मुले अभियांत्रिकी पूर्ण करून पुढील शिक्षणासाठी जर्मनीला निघालेली, बावीस-तेवीस वर्षांची, इंग्रजीत सहज वावरणारी. शिकवणाऱ्या मॅडम तरुण होत्या आणि अतिशय मनापासून शिकवत. त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही. परंतु त्या इंग्रजीतून शिकवत. फळ्यावर जर्मन वाक्य, त्याखाली त्याचे इंग्रजी, आणि मग नियम. माझे इंग्रजी औषधांच्या नावांपुरते आणि केसपेपरपुरते. त्यामुळे प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीतून मराठीत आणायचे, समजून घ्यायचे, उत्तर मराठीत सुचले की ते इंग्रजीत न्यायचे आणि तिथून जर्मनमध्ये. एवढ्यात पुढचा प्रश्न पुढच्या विद्यार्थ्याकडे गेलेला असे. मला काही समजले नाही तर मी हात वर करत नसे, कारण बाकीच्या 23 जणांचा वेळ आपल्यामुळे जाईल असे वाटे. वयाने मोठ्या विद्यार्थ्याचा हा संकोच फार खरा असतो, आणि तो बोलून दाखवला जात नाही म्हणून कोणी लक्षातही घेत नाही.

रुग्णाने किती पाणी घेतले आणि किती बाहेर टाकले याचा चार्ट भरणे हे आमचे रोजचे काम. त्या सवयीने एके दिवशी मी वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने केले: किती मिनिटे ऐकले आणि किती मिनिटे बोलले. सहा आठवडे मी ही नोंद ठेवली. दोन तासांच्या वर्गात माझ्या तोंडून जर्मन बाहेर पडण्याचा वेळ सरासरी तीन मिनिटे भरला, आणि त्यातलेही निम्मे पुस्तकातला परिच्छेद मोठ्याने वाचण्याचे. आयसीयूत असा चार्ट दिसला असता तर मी लगेच डॉक्टरांना फोन केला असता.

तीन महिन्यांत बी-वन या शब्दाचा अर्थही मला पुढे समजला. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या स्वतःच्या अंदाजानुसार बी-वनपर्यंत पोहोचायला 45 मिनिटांच्या 350 ते 650 तासिका लागतात. आमचा क्लास आठवड्याला दहा तास, बारा आठवडे चालला, म्हणजे 120 तास, म्हणजे 160 तासिका. एकही दिवस न चुकवणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्या फलकावरचे आश्वासन निम्म्याच्या आत मिळत होते. फी भरण्यापूर्वी हा साधा गुणाकार मी केला नाही आणि इतर कोणीही केलेला दिसला नाही. पुस्तकाची पाने संपली, ‘बी-वन पूर्ण’ असे सांगण्यात आले, आणि पुन्हा पैसे भरून मी परीक्षेच्या तयारीच्या बॅचला बसले.

मार्च 2023 मध्ये मी बी-वनची परीक्षा दिली. या परीक्षेचे चार स्वतंत्र भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण. प्रत्येक भाग 100 गुणांचा, उत्तीर्ण होण्यासाठी 60 लागतात, आणि जो भाग राहील तेवढाच पुन्हा देता येतो. माझे वाचन, लेखन आणि श्रवण सुटले. संभाषणात 47 गुण मिळाले.

संभाषणाची परीक्षा साधारण पंधरा मिनिटांची आणि बहुधा दोन उमेदवारांची मिळून असते. पहिल्या भागात दोघांनी मिळून एखाद्या गोष्टीचे नियोजन करायचे, नंतर प्रत्येकाने एक विषय मांडायचा आणि त्यावर प्रश्नोत्तरे करायची. माझ्याबरोबरचा मुलगा समजूतदार होता. मी अडखळले की तो सोपा प्रश्न विचारून मला वाट करून देत होता. मला म्हणायचे होते की रविवारी मला जमणार नाही, कारण माझी रात्रपाळी आहे. शब्द सगळे माहीत होते. पण ते शब्द मी आयुष्यात कधी सलग उच्चारलेच नव्हते. मी गप्प बसले, आणि त्या शांततेत समोरच्या दोन्ही परीक्षकांनी खाली मान घालून काहीतरी लिहिले. परत येताना लोकलमध्ये ते वाक्य मी मनात किती वेळा म्हटले याला गणती नाही.

त्यानंतर क्लासकडे परत जायचे नाही, एवढे मी ठरवले. पण मग करायचे काय? एका सहकारी सिस्टरने तिच्या ओळखीच्या एका बाईंविषयी सांगितले. त्यांनी अनेक वर्षे महाविद्यालयात जर्मन शिकवले होते आणि निवृत्तीनंतर त्या ठाण्यातच चरईतल्या घरी एका वेळी एकालाच शिकवत. मी त्यांना मॅडमच म्हणते. फी तासाला 600 रुपये. घरी हा आकडा सांगितल्यावर यजमान गप्प झाले, कारण क्लासचा तास 150 रुपयांना पडला होता. मी त्यांना वहीचे ते शेवटचे पान दाखवले. दोन तासांचे 300 रुपये आणि बोलणे तीन मिनिटे, म्हणजे बोललेले एक मिनिट 100 रुपयांना. मॅडमकडे तासातली चाळीस मिनिटे जरी मी बोलले, तरी मिनिट 15 रुपयांना पडणार होते. ते म्हणाले, ‘‘महिनाभर करून बघ.’’

पहिल्या दिवशी मॅडमनी पुस्तक उघडलेच नाही. ‘‘तुझ्या वॉर्डातली एक सकाळ मला मराठीत सांग,’’ त्या म्हणाल्या. मी सांगत गेले आणि त्या कागदावर लिहीत गेल्या. तासभर मी मराठीच बोलले. जिना उतरताना मला वाईट वाटत होते की 600 रुपये देऊन आपण आपलीच भाषा बोलून आलो.

दुसऱ्या तासाला तो कागद माझ्यासमोर आला तेव्हा त्यातल्या प्रत्येक ‘ला’ आणि ‘ना’खाली लाल रेघ होती. पेशंटला उठवते. पेशंटला गोळी देते. पेशंटला चालायला मदत करते. डॉक्टरांना विचारते. डॉक्टरांना उत्तर देते. नातेवाइकांना फोन करते. मॅडम म्हणाल्या, ‘‘तुझी परीक्षेतली आणि वहीतली चूक एकच आहे गं. शाळेत विभक्तीचे प्रत्यय पाठ केले होतेस ना? द्वितीयेचे काय?’’ मी म्हटले, ‘‘स, ला, ते, स, ला, ना, ते.’’ ‘‘आणि चतुर्थीचे?’’ तेच. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी या दोन्ही विभक्तींचे प्रत्यय सारखेच आहेत. जर्मनमध्ये मात्र या दोन जागा, अक्कूझाटिव्ह आणि डाटिव्ह, उघडउघड वेगळ्या आहेत. उठवणे आणि विचारणे अक्कूझाटिव्ह मागतात, मदत करणे आणि उत्तर देणे डाटिव्ह मागतात, आणि मराठीत ज्याला फोन करतो त्याला आपण ‘ना’ लावत असलो तरी जर्मनमध्ये तो अक्कूझाटिव्हच राहतो. क्लासमध्ये या चुकांवर माझ्या वहीत लाल फुल्या पडत होत्या आणि मी प्रत्येक फुली वेगळी चूक समजून वेगळी पाठ करत होते. त्या पन्नास चुका नव्हत्या, ती एकच चूक होती आणि तिचे मूळ माझ्या मातृभाषेत होते. ज्याला माझी मातृभाषा ऐकू येते त्यालाच ते दिसणे शक्य होते. वर्गातल्या 24 जणांत मराठी, मल्याळी, गुजराती, हिंदी भाषक असताना एकीच्या ‘ला’चा माग कोणती शिक्षिका काढत बसणार?

मग उलट बाजूही उघडली. जिथे मराठी अडवते तिथे मॅडम थांबवत, पण जिथे मराठी हात देते तिथे त्या मला पुढे ढकलत. रुग्ण आम्हाला सांगतात: मला चक्कर येते, मला मळमळते, मला थंडी वाजते. यातला ‘मी’ कर्ता नाही. हे सगळे ‘मला’ होते. जर्मनमध्येही नेमके हेच आहे: मिअर इस्ट श्विंडलिष, मिअर इस्ट यूबल, मिअर इस्ट काल्ट. ‘मिअर’ म्हणजे ‘मला’. आवडणेही तसेच, मिअर गेफेल्ट, मला आवडते. क्लासमध्ये ही वाक्ये इंग्रजीवरून आली होती, आणि इंग्रजीत चक्कर येणारा माणूस ‘मी’ असतो, म्हणून मी प्रत्येक वेळी ‘इष बिन’ म्हणून सुरुवात करत होते. ‘इष बिन काल्ट’ म्हटले तर ऐकणाऱ्याला थंडी वाजण्याऐवजी हा माणूस मनाने थंड आहे असे वाटू शकते. वर्षभर मी ज्याला अपवाद म्हणून पाठ करत होते, ते माझ्या घरातलेच वाक्य निघाले.

त्या दिवसानंतर अशा जागा मी स्वतःच शोधू लागले. जर्मनमध्ये ‘कारण’ आले की त्या उपवाक्याचे क्रियापद शेवटी जाते. क्लासमधल्या मुलांना ते विचित्र वाटे. आपले क्रियापद तर कायमच शेवटी असते. ‘वाइल इष हॉइटं नाख्टडीन्स्ट हाबं’: कारण माझी आज रात्रपाळी आहे. परीक्षेत जे वाक्य तोंडातून फुटले नव्हते ते हेच. माझी खरी अडचण मुख्य वाक्यात होती, जिथे क्रियापद दुसऱ्या जागी आणावे लागते, आणि मॅडमनी सराव त्याचाच करून घेतला. मुलगी या अर्थाचा ‘मेडशन’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे यावर क्लासमध्ये बराच वेळ चर्चा झाली होती. आपण गावाकडे ‘ते पोर’, ‘ते पोरगं’ सहज म्हणतो, त्यामुळे मला त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते. लिंगे आपल्याकडेही तीनच. ती शब्दागणिक जुळत मात्र नाहीत. आपला सूर्य पुल्लिंगी, त्यांचा सूर्य, ‘झोनं’, स्त्रीलिंगी, तेव्हा पाठांतर कोणाला चुकत नाही.

आकड्यांचे तर आमच्या कामात फार महत्त्व. जर्मनमध्ये 54 म्हणताना आधी चार म्हणतात आणि मग पन्नास, ‘फिअरउंडफ्युन्फत्सिष’. इंग्रजीतून ऐकणारा माणूस पहिला ऐकलेला अंक पहिला लिहितो आणि 45 लिहून बसतो. औषधाच्या मात्रेत किंवा नाडीच्या नोंदीत ही चूक परवडणारी नाही. पण आपणही ‘चोपन्न’ म्हणताना आधी चारच म्हणतो, ‘एकवीस’मध्ये आधी एकच येतो. मॅडमनी सांगितले, ‘‘आकडा ऐकलास की इंग्रजीत लिहू नकोस, मनात मराठीत म्हण.’’ दोन आठवड्यांत माझे आकडे चुकणे जवळपास थांबले. उच्चारांतही असेच झाले. साखरेसाठी असलेला जर्मन शब्द ‘त्सुकर’, खोलीसाठी ‘त्सिमर’. तो आरंभीचा ध्वनी म्हणजे आपल्या चाकातला आणि चुलीतला ‘च’, चारातला नव्हे. इतकी वर्षे तोंडात असलेला ध्वनी मला कोणीतरी हातात दिला, असे वाटले.

मॅडमकडची सोय वेळेचीही होती. महिन्याची ड्यूटी लागली की मी त्यांना ती पाठवत असे आणि त्याप्रमाणे आमचे तास ठरत. रात्रपाळीनंतरचा तास त्या कधीच ठेवत नसत. ‘‘झोपलेल्या माणसाला शिकवून मला पैसे नकोत,’’ असे त्या म्हणत. सप्टेंबर 2023 मध्ये मी संभाषणाचा भाग पुन्हा दिला आणि 78 गुणांनी उत्तीर्ण झाले.

बी-टूच्या तयारीला लागल्यावर एक दिवस मॅडमच म्हणाल्या, ‘‘अगं, मी पोरांना कथा-कविता शिकवल्या. पेशंटची लघवी, शौच, जखमेचं ड्रेसिंग यासाठी तिकडच्या वॉर्डात काय बोलतात ते मला पुस्तकातूनच माहीत आहे. तुला तिथल्याच कोणाकडे जायला हवं.’’ आपल्या विद्यार्थिनीला असे मोकळेपणाने दुसऱ्याकडे पाठवणे मला त्यांच्या सगळ्या शिकवण्यापेक्षा मोठे वाटले. व्याकरणासाठी मी अजूनही महिन्यातून दोनदा त्यांच्याकडे जाते.

ऑनलाइन शिकवणीचा माझा पहिला अनुभव चांगला नव्हता. मोबाइलवर हसतमुख चेहरा पाहून मी एका तरुण जर्मन शिक्षकाचे आठ तास एकदम घेतले. तो गप्पा फार छान मारत असे. मी काहीही बोलले तरी ‘झेअर गूट’, म्हणजे फार छान, असे म्हणत असे, आणि आठ तासांत त्याने माझी एकही चूक थांबवून सांगितली नाही. जर्मन ही त्याची मातृभाषा होती, परंतु स्वतःची भाषा बोलता येणे आणि ती दुसऱ्याला शिकवता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी तिथे शिकले. अशा ठिकाणी कोणीही शिक्षक म्हणून नाव नोंदवलेले असू शकते, तेव्हा पहिल्या तासातच आपण मुद्दाम दोन चुका करून पाहाव्यात आणि समोरचा काय करतो ते बघावे. मी पुढे तसेच केले.

त्यातून मला जर्मनीच्या झाक्सन प्रांतातल्या एक निवृत्त परिचारिका मिळाल्या. त्यांना इंग्रजी जवळजवळ येत नाही, आणि हेच माझ्या फायद्याचे ठरले, कारण अडले तर सुटण्यासाठी दुसरी भाषाच नव्हती. त्यांच्याबरोबरचा तास म्हणजे पाळी बदलतानाचा हँडओव्हर, ज्याला तिकडे ‘यूबरगाबं’ म्हणतात. मी त्यांना माझ्या वॉर्डातल्या चार रुग्णांची माहिती देते, अर्थात नावे आणि खुणा वगळून, आणि त्या मधेच प्रश्न विचारतात: ताप कधी मोजला, शेवटचे वेदनाशामक किती वाजता दिले, रात्री किती वेळा उठले, जेवण किती घेतले. कधी त्या स्वतः ऐंशी वर्षांच्या आजीबाई होतात, अंघोळ नको म्हणून हट्ट करतात आणि मी त्यांची समजूत घालते. त्यांचे बोलणे पुस्तकातल्यासारखे स्वच्छ नाही, त्यांच्या प्रांताची छाप त्यावर आहे. सुरुवातीला मला निम्मे कळत नसे. पण तिथले वृद्ध रुग्णही पुस्तकातल्यासारखे बोलणार नाहीत, तेव्हा कान आताच तयार झालेला बरा.

चौथ्या-पाचव्या तासाला त्यांनी मला ‘झी’ सोडून ‘डू’ म्हणायला सांगितले, म्हणजे ‘तुम्ही’ऐवजी ‘तू’. तिकडे वयाने मोठ्या माणसाने असे सुचवणे हा आपलेपणा समजतात. माझ्या तोंडून ते कित्येक दिवस निघेना. मी आईला ‘तू’ म्हणते आणि सासूबाईंना ‘तुम्ही’, आणि या बाई माझ्या मनात सासूबाईंच्या वयाच्या होत्या. एवढा संकोच इंग्रजीच्या ‘यू’मधून जर्मनमध्ये आलेल्या मुलांना बहुधा होत नसेल, पण त्यामुळेच रुग्णाला चुकून ‘डू’ म्हणण्याची चूक माझ्याकडून एकदाही झाली नाही.

वेळेचे गणित मात्र सांभाळावे लागते. उन्हाळ्यात आपले घड्याळ जर्मनीच्या साडेतीन तास पुढे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास, कारण मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास सरकवतात. हे माहीत नसल्याने पहिल्या ऑक्टोबरअखेरीस मी एक तास आधीच इअरफोन लावून स्वयंपाकघरात बसले होते. आमच्या कळव्याच्या घरात तेवढीच शांत जागा आहे. सकाळच्या पाळीच्या आठवड्यात मी रात्री नऊला तास घेते, तेव्हा तिकडे दुपार किंवा संध्याकाळ असते. वीज गेली किंवा नेट गेले तर तास बुडतो, आणि पावसाळ्यात असे दोन-तीनदा होतेच.

एक गोष्ट शिकवणीने दिली नाही, ती सांगितली पाहिजे. बी-टूच्या संभाषणातही साधारणतः दोन उमेदवार समोरासमोर असतात, आधी प्रत्येकाने एक छोटे भाषण करायचे आणि मग दोघांनी एका प्रश्नावर बाजू मांडून वाद घालायचा. शिक्षिका माझे म्हणणे समजून घेण्याचा प्रयत्न करते. परीक्षेतला जोडीदार तसे करीलच असे नाही, तो माझे बोलणे तोडेल, अडखळेल, किंवा मला न पटणारे काहीतरी म्हणेल. हा सराव माणसांतच होतो. त्यासाठी मला क्लासमधली जुनी मैत्रीण उपयोगी पडली, जी माझ्या बुडालेल्या तासांच्या नोंदी देत असे. रविवारी सकाळी आम्ही दोघी ठाण्याच्या तलावपाळीवर मासुंदा तलावाच्या कडेने चालत जर्मनमध्ये भांडतो: शाळेत मोबाइल असावा की नसावा, घरून काम करणे चांगले की वाईट. बाजूने जाणारे लोक वळून बघतात. क्लास लावला नसता तर ही मैत्रीण भेटली नसती, आणि ज्याचे इंग्रजी चांगले आहे, वेळ मोकळा आहे आणि ज्याला चारचौघांत बोलण्याचा संकोच नाही, त्याला क्लासने तोटा होईल असे मी म्हणणार नाही. आमच्या बॅचमधली चार-पाच मुले आज तिकडे शिकत आहेत.

बी-टूचे वाचन, श्रवण आणि लेखन हे तीन भाग मी उत्तीर्ण झाले आहे. लेखनाच्या 75 मिनिटांत 150 शब्दांचे मतप्रदर्शन आणि 100 शब्दांचे औपचारिक पत्र लिहायचे असते, आणि मॅडमच्या लाल रेघांमुळे त्यात मला 81 गुण मिळाले. संभाषण पुढच्या महिन्यात आहे. काल रात्री नऊला तास झाला. बाईंनी वाद घालायला विषय दिला होता की वृद्धांनी घरी राहावे की वृद्धाश्रमात, आणि त्यांनी माझी बाजू तीनदा खोडून काढली. तिसऱ्यांदा मी त्यांचे वाक्य मधेच थांबवून ‘नाइन, दा हास्ट डू नीष्ट रेष्ट’, नाही, इथे तुझे बरोबर नाही, असे म्हटले आणि मग लक्षात आले की मी त्यांना ‘डू’ म्हटले आहे. त्या मोठ्याने हसल्या. वहीच्या शेवटच्या पानावर मी कालची नोंद केली: ऐकले 17 मिनिटे, बोलले 43.